सील न तोडता वजन केलेले त्रेचाळीस खोके

नाव : मुरझापार तोकोनोव. वय : ५१. धंदा : संगणक जोडणे व दुरुस्त करणे. शिक्षण : आठवी, पुढचे माझे मी. राहणार : ओश शहर. दुकान : संगणकांची तिसरी रांग, कंटेनर क्रमांक ११४, एकोणीस वर्षे तेथेच.

तक्रार अर्जात मला ‘गर्दी जमवणारा रिकामटेकडा’ म्हटले आहे, म्हणून माझ्या हाताने झालेली कामे आधी नोंदवतो. ट्रकच्या फुटक्या पिस्टनच्या ॲल्युमिनियममधून कानशीने कापलेले कूलर, तीन. पैकी दोन आजही चालू. जुन्या टीव्हीच्या ट्रान्सफॉर्मरपासून केलेले व्होल्टेज स्थिर ठेवणारे डबे, चौसष्ट. दोनशे अंड्यांच्या उबवणी पेटीचे तापमान नियंत्रक, एक. पिल्ले एकशे एक्क्याऐंशी. जोडून दिलेले संगणक, एक हजार एकशे सेहेचाळीस; प्रत्येकाचा क्रमांक, तारीख आणि गिऱ्हाइकाचे नाव वहीत आहे. वही सोबत आणली आहे.

वर लिहिलेला मी, बोलावल्यावरून आज सात जून रोजी सकाळी १० वाजता ठाण्यात आलो व कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर मला माहीत आहे तेवढेच सांगतो की :

हा जबाब मी स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. पहिल्या कागदावर कॅप्टन बेगालीयेव साहेबांनी ‘कूलर’ याचा अर्थ ‘खोली थंड करायचे यंत्र’ असा लिहिला होता. कूलर म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा व त्यावरचा पंखा. तो नसेल तर प्रोसेसर तापतो, आधी मंद होतो, मग स्वतःला बंद करतो. लोक म्हणतात तसा तो लगेच जळत नाही. हे मी साहेबांना सांगितले तेव्हा ते मला थोरला भाऊ मानून म्हणाले, “आके, तुम्हीच लिहा. माझा चहा तरी गरम राहील.”

उल्कान-एजे (थोरली बहीण म्हणून एजे), वय ५८, राहणार गुल्चो, या चपान म्हणजे लांब अंगरखे शिवतात. कापडावरची नक्षी त्या संगणकावर आखतात. २७ मे रोजी सुमारे ११ वाजता त्या माझ्याकडे आल्या. त्यांचा जुना संगणक बंद पडला होता आणि २ जूनच्या एका लग्नासाठी तीस चपान द्यायचे होते. मी त्यांना नवा बोर्ड दिला. त्याला चालणारा प्रोसेसर माझ्याकडे नव्हता, समोरच्या अस्कातच्या शोरूममध्ये होता. मी मॉडेल चिठ्ठीवर लिहून दिले आणि म्हणालो, “खोक्यातच कूलर येतो, वेगळा घेऊ नका.”

हे वाक्य माझे आहे. ते तक्रार अर्जात नाही, तरी लिहून देतो.

एजेंनी खोका सीलबंद घेतला आणि ऐंशी किलोमीटर घरी नेला. २९ मे रोजी उघडला. आत प्रोसेसर आणि दुमडलेला पुठ्ठा. जुना कूलर नव्या बोर्डाला बसत नाही, चार भोकांमधले अंतर वेगळे असते. त्यांनी शोरूमला फोन केला. “कूलर वेगळा मिळतो, या ओशला,” असे उत्तर मिळाले. एजेंनी बोर्ड टेबलावर आडवा ठेवला आणि प्रोसेसरवर हात धुवायचा पितळी कुमगान गार पाण्याने भरून ठेवला. संगणक सुरू झाला. अकरा मिनिटे चालला. मग कुमगानच्या बाहेरून सुटलेला घाम ओघळून बोर्डावर उतरला आणि बोर्ड व प्रोसेसर दोन्ही गेले.

बाजारात यावर हसले. मी हसलो नाही. मी माझ्याकडच्या एका जुन्या प्रोसेसरवर तोच प्रयोग करून पाहिला. खोलीचे तापमान २८, पाणी नळाचे, वेळ नऊ मिनिटे चाळीस सेकंद. बाईंचे डोके बरोबर होते. पितळ उष्णता ओढते, पाणी ती धरून ठेवते. फक्त थेंबाचा विचार राहिला.

तीसपैकी अकरा चपान झाले. ३ जूनला एजे माझ्या कंटेनरच्या दारात आल्या. फडक्यात बोर्ड व रिकामा खोका आणि हातात तो कुमगान. म्हणाल्या, “उस्ता, तुम्ही म्हणाला होतात.” चहाही घेतला नाही. त्यानंतर मी त्यांच्यासाठी काय केले तो या जबाबाचा विषय नाही.

त्याच दिवशी ३ वाजता मी अस्कातकडे गेलो. अस्कात, वय ३४, शोरूमचा मालक व आता माझ्याविरुद्ध तक्रारदार. आमच्या रांगेतले कंटेनरही त्याच्याच नावावर आहेत. त्याचा पहिला संगणक माझ्या वहीत क्रमांक ४०२ आहे, कूलरसह. मी त्याला खोका दाखवला. बाजूला छापलेल्या ‘कूलर समाविष्ट’ या ओळीवर किमतीची पांढरी चिठ्ठी डकवली होती. मी ती नखाने सोलली.

तो म्हणाला, “आके, तुम्ही कुठल्या काळात आहात? मोठे प्रोसेसर तर कंपन्याच कूलरशिवाय पाठवतात. कोण रडतं?”

मी म्हणालो, “ते खोक्यावर तसं छापतात. तू छापलेलं झाकतोस.”

“निम्मे लोक तो फेकून मोठा घेतात. मी आधीच काढून घेतो, त्यांची मेहनत वाचते.”

“आणि उरलेले निम्मे?”

“मग काय किटलीसुद्धा खोक्यात घालून देऊ?” असे म्हणून तो हसला. त्याचे दोन नोकरही हसले.

४ जूनपासून ६ जूनपर्यंत रोज सकाळी ९.१० ते दुपारी १ मी शोरूमच्या दारापासून तीन पावलांवर स्टूल घेऊन बसलो. तीन पावले मी टेपने मोजली होती. अंतर दोन मीटर दहा सेंटीमीटर. दार अडवले हा आरोप खोटा आहे. सोबत होलीदा-आपांचा जर्दाळू तोलायचा काटा होता. आपा माझ्या शेजारच्या, सुकामेवा विकतात. काट्यावर सरकारी मोहोर आहे. मी एकही सील तोडले नाही. सील न तोडता खोक्यात काय आहे हे सांगणारे एकच साधन मला माहीत आहे : वजन. बिश्केकहून मागवलेला त्याच मॉडेलचा बंद खोका ५१८ ग्रॅम भरला. तो नमुना म्हणून शेजारी ठेवला. बाहेर येणाऱ्याला मी एवढेच विचारत होतो, “तोलून बघू का?” नको म्हणणारे सात, त्यांना जाऊ दिले.

तीन दिवसांत त्रेचाळीस खोके तोलले. एक्केचाळीस खोके १५१ ते १५६ ग्रॅम. दोन खोके ५१८ व ५१९. त्या दोघांना मी सर्वांसमोर मोठ्याने सांगितले, “हा पुरा आहे, खुशाल न्या.” हे तक्रारदाराने लिहिलेले नाही.

वाद झाला हे खरे. शिवीगाळ झाली नाही. केस रंगवलेला एक तरुण म्हणाला, “आके, तो खोक्यातला पंखा नुसता विमानासारखा ओरडतो. मी तर फेकूनच देतो.”

मी म्हणालो, “फेकायला तरी आधी हातात येऊ दे.”

होलीदा-आपा पोत्यावरून म्हणाल्या, “अरे, लेकीला सासरी पाठवताना गाद्या देतात. तिला आवडली नाही तर ती जावेला देईल. म्हणून काय आईबापानं गाडीतूनच काढून घ्यायची, आणि वर सांगायचं, जमिनीवर झोप?”

लोक हसले. अर्जात ‘दंगल’ म्हटले आहे ती हीच.

साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, प्रोसेसरसोबत कूलर द्यावाच असा कायदा माझ्या माहितीत नाही. कंपनीला नसेल द्यायचा तर तिने तसे छापावे. मी गिऱ्हाइकाला तसे सांगेन. पण माझे मत विचारले म्हणून तेही नोंदवतो. साध्या प्रोसेसरसोबत तो यावाच. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला खोक्यातला कूलर म्हणजे अडगळ. ज्याच्याकडे नाही, त्याला तो यंत्र सुरू होण्याचा पहिला दिवस. लोकांनी फेकलेले बासष्ट कूलर माझ्याकडे होते, पुसून, तेल देऊन ठेवलेले. आज साठ आहेत. ऐंशी किलोमीटरवर राहणाऱ्याला मात्र माझ्या फळीपर्यंत हात पोचत नाही.

साहेबांनी पुढे विचारले की, इथून पुढे शोरूमसमोर बसणार नाही असे लिहून देता का. नाही. दार अडवू नये हे मान्य आहे. हवे तर अंतर तीन मीटर करीन.

वरील मजकूर कॅप्टन साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी आकडे चुकीचे वाचले, ते मी जागीच सुधारून घेतले. आता तो माझ्या सांगण्याबरहुकूम बरोबर आहे. ओळ सातमधील ‘पंखा’ हा शब्द खोडून ‘कूलर’ केला, तेथे माझी सही आहे.

वाचून झाल्यावर साहेबांनी विचारले, “काही राहिलं का, आके?” राहिले होते, ते सहीच्या आधी जोडतो. काल ६ जून रोजी दुपारी २ वाजता समशाच्या, म्हणजे मांसाच्या भाजलेल्या सामोशांच्या, दुकानात अस्कातने माझ्यासमोर एक टाइप केलेला कागद ठेवला. त्यावर एकच ओळ होती : ‘कूलरशिवाय प्रोसेसर चालेल असे उल्कान-एजेंना मीच सांगितले.’ खाली माझ्या सहीसाठी जागा. सही केली तर कंटेनर ११४ तीन वर्षे बिनभाड्याचा, नाही तर १ जुलैला रिकामा करायचा. आणि सहीचे रोख पैसे, त्याच टेबलावर, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी माझ्या दोन समशांचे पैसे ठेवले आणि उठलो. घेतले नाहीत ते तीन लाख साठ हजार सोम.