बाकावरून दिसलेला खेळ

कोच : बूट घाल आधी. डॉक्टरांनी गुडघा पास केलाय. फायनलला मला माझा कॅप्टन बास्केटबॉल कोर्टवर हवा.

कॅप्टन : सर, माझ्या जागी बटाट्यालाच खेळू द्या.

कोच : बटाट्याला? अरे, सीझनच्या सुरुवातीला बॉल हातात आला की तो घाबरून लगेच दुसऱ्याला द्यायचा!

कॅप्टन : तेव्हा मी खेळत होतो ना, म्हणून.

कोच : म्हणजे?

कॅप्टन : जरा अडलं की सगळे बॉल मलाच द्यायचे. मला वाटायचं, टीम माझ्यामुळेच चाललीय. मग गुडघा गेला, बाकावर बसलो, आणि सर, तिथून काय दिसलं म्हणून सांगू!

कोच : पुराण लावू नकोस, वेळ झालाय.

कॅप्टन : सेमीफायनल आठवा. बटाट्याने मानसुद्धा न वळवता पास टाकला, रिकाम्या जागेत. मी कपाळावर हात मारला, म्हटलं, घालवली मॅच! तर लंबू तिथे हजर! कधी निघाला, कुणी सांगितलं, काही पत्ता नाही. अंगावर काटा आला माझ्या. कुणी ओरडत नाही, नुसते बुटांचे आवाज, आणि पाचही जणांना एकमेकांचं आधीच कळतं. तीन वर्षं मी यांच्यातच खेळलो आणि हे कधी बघितलंच नाही.

कोच : खोटं कशाला बोलू, मीही तोंडात बोट घातलं होतं. इतकी वर्षं शिकवतोय, असं कधी जमलं नव्हतं. पण राजा, तुझं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. पुढच्या महिन्यात नोकरीला लागशील. आज नाही तर कधीच नाही.

कॅप्टन : माहितीय. खेळायचंय हो मला! सकाळपासून जीव तुटतोय नुसता.

कोच : मग?

कॅप्टन : मी उतरलो की पुन्हा सगळे माझ्याकडेच बघत बसतील.

बटाट्या : (दारातून) दादा, चल ना लवकर! तू खेळतोयस म्हटल्यावर मी सुटलो बाबा एकदाचा.

कॅप्टन : सुटतोस कसला! पहिल्या पाचात तूच आहेस. पळ, अंग गरम कर.

बटाट्या : सर, हा काय म्हणतोय?

कोच : कॅप्टन म्हणतोय ना? मग पळ.

कॅप्टन : थँक्यू, सर.

कोच : तुझे आईबाबा दिसले मघाशी. एवढ्या लांबून तुझा खेळ बघायला आलेत. त्यांना काय सांगशील?

कॅप्टन : सांगून आलोय. म्हटलं, बॉलकडे बघू नका. ज्यांच्याकडे बॉल नाही, त्यांच्याकडे बघा.