तिनं पकड सोडली

हॅलो? … हॅलो, प्रेरणा? तूच हाये ना वं? … थांब, आधी गुडघ्याचं सांग. डावा का उजवा? … अवं, रडून राह्यली का हासून राह्यली तू?

मेहकरच्या स्टँडवर पंचफुलाबाईनं एका कानात बोट खुपसलं, दुसऱ्यावर मोबाईल दाबून धरला. पायाशी फुगलेली पिशवी होती. सतरंजी, तांब्या, ताट, दोन पातळं. दवाखान्यात राहायचं म्हणजे एवढं लागतंच. सुलतानपुरात घरी बसून ती लेकीची मलकापूरला चाललेली कबड्डीची फायनल मोबाईलवर पाहत होती. दोघींनी प्रेरणाला उचलून मैदानाबाहेर नेलं, अन् चित्र अडकलं ते अडकलंच. तेव्हापासून पोरगी फोन उचलत नव्हती.

जितल्या? … हाव, जितल्या तं जितल्या. गुडघा सांग. … काय? … काही नाही झालं? काही म्हंजे काहीच नाही? … पुन्ना सांग. इथं गाड्यायचा लय आवाज हाये, पुन्ना सांग.

पुन्हा ऐकलं तरी तेच.

नाटक? … थांब, थांब. मले नीट समजू दे. त्या मलकापूरच्या पोरीनं, अश्विनीनं, तुहा पाय धरला… हाव, पाह्यलं मी. घोरपडीवानी धरला होता. … मंग तू तोंड वाकडं केलं, गुडघा गेला असं दाखोलं… अन् ते घाबरली. तिनं पकड सोडली… अन् तू लाईन शिवली.

माय माय माय!

हासू नको! … अवं, माह्या पायात तुह्या बाबाची चप्पल हाये! दाळ गॅसवर तशीच राह्यली, बंद केला का नाही तेबी ध्यानात नाही. तुहे बाबा वावरातून तसेच चिखलाचे आले, मोठ्या डॉक्टरची चौकशी करत फिरून राह्यले. अन् तू म्हनतं नाटक!

काय? … सरायनं सांगतलं? … 'खेळात डोकं लागते'? … लागते ना. पकड सोडवाले डोकं लागते, ताकद लागते. पन तिची ताकद नव्हती संपली, बाई. तिले तुही माया आली म्हनून सोडली तिनं. ते माया चोराले काय लागते वं? डोकं?

नियमात बसते? … बसत असंन. नियमात लय काही बसते. पान्याचा टँकर आला का झुंबरबाई घरातले सारे गुंड-हंडे लाईनीत लावते, तेबी नियमातच बसते. मंग तू काऊन भांडली होती तिच्यासंग? … बोल ना आता. काय म्हनली होती भर लाईनीत? … विसरली? मी नाही विसरली. 'मावशी, लाईन भांड्यायची नसते, मान्सायची असते.' साऱ्या गावात सांगत फिरली मी, माही लेक असं बोलली म्हनून!

शेजारच्या बाकावरची म्हातारी शेंगा सोलायची थांबून ऐकू लागली होती. पंचफुलाबाईनं तिच्याकडे पाठ फिरवली.

हाव, ऐकलं मी. कबड्डी तुटू नाही देली तू. कन्हत कन्हत म्हनतच होती, कबड्डी, कबड्डी… म्या म्हनलं, पाह्य माही लेक, गुडघा मोडला तरी दम सोडत नाही. भरल्या डोळ्यानं गाडीत बसली मी. कंडक्टरले सांगतलं, माही पोरगी हाये ते. … नाही, काय म्हनला तो ते जाऊ दे.

मले एवढंच सांग. उद्या खरंच मोडला तं? … मी धावीन, माय हाये, मले धावाच लागन. पन जिनं पाय धरला असंन, ते सोडन का? म्हनन, नाटक करते हे, मोडू दे! … तुहाच नाही वं, कोनाचाबी. आज तिनं सोडला, आता पुढं ते कोनाचाच सोडत नाही.

बक्षीस? … आत्ता? … थांब. जाऊ नको. अवं थांब म्हनते ना!

कोन आलं तिथं? … कोन? … अश्विनी? … काय म्हनते? … दे तिले फोन. … दे म्हनते!

हॅलो… हाव बाई, प्रेरणाची आईच बोलून राह्यली. … माफी? … तू काऊन माफी मांगतं, माय? … नाही वं. नाही, तुह्या हातानं काही मोडलं नाही. … रडू नको. नाक पूस पाहू. … ऐक, तू तिथंच उभी राह्य, हलू नको. अन् फोन प्रेरणाले दे.

मलकापूरची गाडी फलाटाला लागली. माणसं दाराशी झुंबडली, कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. पंचफुलाबाईनं पिशवी उचलली नाही.

सांग तिले. … मी काऊन सांगू? तुह्या तोंडानं सांग. … मंग नाही, आत्ता. बक्षिसाच्या कपाले हात लावाच्या आधी. … सर काय म्हनतीन ते सरायले म्हनू दे. … ते पाह्य, उभी हाये ना समोर? बोल.

ऐकून राह्यली मी. … हं. … काऊन थांबली? … गुडघा मोडला तवा तुटला नाही तुहा दम, आता काऊन तुटते? … बोल, एका दमात. … हं. … हं. …

शेवटच्या शब्दापर्यंत तिनं ऐकून घेतलं. कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

मंग? काय म्हनली ते? … काहीच नाही? … गेली का? … उभीच हाये?

मंग तूबी उभी राह्य. ते बोलेपर्यंत. … हाव, येऊन राह्यली मी. गाडी लागली. … नाही, तुह्यासाठी नाही.

ठेवते.