पोकर टेबलाचे पाय

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावच्या बसमध्ये मागून मराठी ऐकू आलं आणि विशाखाने इअरफोन काढले. एक जोडपं मोबाइलवर टेबल निवडत होतं.

“यशोधन, हे गोल पोकर टेबल घे ना, स्वस्त आहे.”

“पाय मधोमध आहे गं. निहारची व्हीलचेअर आत जाणार नाही.”

“अपघातानंतर एकदाच तर आला तो खेळायला.”

“कसा येईल? लांबून हात ताणून खेळला बिचारा, आणि आपण बघत बसलो.”

“...मग हे जुनं चौकोनी बघ. पाय कडेला आहेत, परवडेलही.”

“खाली सत्तर सेंटिमीटर जागा आहे. पुरेल?”

“थांब, फोन लावते. निहार, मृदुला बोलतेय. तुझ्या खुर्चीचे हात जमिनीपासून किती उंच आहेत, मोज बरं... येतोस का, ते विचारतच नाहीये मी. तू मोज... अडुसष्ट? यशोधन, हेच घे!”