खातूनच्या अंगणातली तुळस

हॅलो? … कोण? … झेबा! अगं, खातूनची नात ना तू? जुन्नरहून बोलतेस? … हो, हो, मी सरूआजीच. घोडेगावातच आहे, कुठं जाणार? … आधी सांग, खातून बरी आहे ना? … रुसलीये? जेवतसुद्धा नाही? या वयात कुणावर रुसली?

… अरफातवर? पोटच्या पोरावर? … हं … हं … शौकतभाईंचे फोटो सापडले? अगं, मला आठवतोय की तो कॅमेरा! धरणाचं पाणी यायच्या आधी तुझे आजोबा गावभर हिंडून घरांचे फोटो काढायचे. आम्ही पदर सावरून दारात उभ्या राहायचो, तर म्हणायचे, "वहिनी, बाजूला व्हा. तुम्ही नव्या गावाला येणार, घर थोडंच येणार आहे?" … हो ना! म्हणून तर एकातही माणूस नाही. आता ओळखायचं कसं कुणाचं कुठलं?

… अरफात फोटोच्या मागे नावं लिहितोय? चांगलं करतोय की. मग भांडण कशाचं? … खातून म्हणते हे आपलं घर … आणि तो म्हणतो नाही. का नाही? … दारात तुळशीवृंदावन आहे म्हणून?

अगं बाई! … थांब, थांब, हसू दे मला जरा … काय? दादीला भ्रम झालाय म्हणून उद्या डॉक्टरकडे नेणार? … झेबा, अगं ऐक ना. ऐक तरी! ती तुळस आमची आहे.

… आमची म्हणजे आमची! आमचं घर सगळ्यांच्या आधी उतरवलं. वासे, कौलं, दारं, सगळं ट्रॅक्टरमध्ये. आणि नव्या गावठाणात प्लॉट काही मिळेना. आम्ही नणंदेकडे एका खोलीत, अंगण कुठलं तिथं? सासूबाई म्हणाल्या, पाडलेल्या घरात तुळस एकटी ठेवायची नाही. तर खातून म्हणाली, आणा माझ्या दारात. … हो, आमच्या ह्यांनी आणि शौकतभाईंनी मिळून वृंदावन उचलून नेलं. उन्हाळाभर तिनंच पाणी घातलं. … तुझा बाप? तो तेव्हा शाळेसाठी मामाकडे, जुन्नरला. त्याला काय माहीत?

… बरं, फोटो आहे ना हातात? नीट बघ. तुळशीभोवती बोरीचे काटे दिसतात का? … दिसतात ना! ते तिच्या बकरीसाठी. अर्धी तुळस खाल्ली होती मेलीनं. मग लई दिवस खातून माझ्या सासूला तोंड दाखवेना!

… स्पीकरवर टाक. … अरफात, बाबा, आई बरोबर आहे तुझी. … ते माफी वगैरे मला नको, तिला म्हण. आणि डॉक्टरचं राहू दे. … हो, तुमचंच घर, लिही मागे. … दे तिला फोन, दे.

खातून? … अगं, रडतेस काय, जिंकलीस की! … हो, बकरीचंही सांगितलं. … सांगणारच! … आधी जेव बरं. … नाही? आधी बाकीचे फोटो? बरं, बोल. … मोठा ओटा आहे ते? ठमाबाईचं. … नाही? मग? … जानकूचं? छे, जानकूच्या घराला ओटा नव्हताच. … होता? … कधी गं? … ईदच्या शेवया वाळत घालायचो तो? … हो की! चिमण्या हाकत बसायचो आपण! माझ्या कसं ध्यानात नाही राहिलं? … होता, होता. लिही रे अरफात, जानकूचं घर.

… आता पुढचं कुठलं? … काय? … ठेवू? का गं? … अस्सं! मी मध्ये बोलले की तुझा गोंधळ होतो होय? … बरं बाई. सांग तू, लिहू दे त्याला. ठेवते.