सगळं हिरवंच आहे ना?

नाही, नाही, तुम्ही माझ्यानंतर. ही खुर्चीवरची पर्स माझीच आहे. लेकीला पाणी भरायचा नळ दाखवायला गेले होते, तेवढंच. म्हणजे नळ तिला माहीतच आहे, तिसरं वर्ष तिचं या शाळेत, पण आपला नंबर जवळ आला तशी ती रेंगाळायला लागली, म्हणून — असो. बसा ना. गणिताच्या सरांकडेच ना? मग बसाच, आत जे गृहस्थ आहेत ते इतक्यात उठत नाहीत, मी दारातून बघितलं, कोट काढून खुर्चीला लावलाय त्यांनी. पण मी नंबर सोडणार नाही हं, आधीच सांगते. कुणी म्हणालं घरी बाळ रडतंय, तरी नाही. मी आज भांडायला आलेय.

पहिल्यांदाच आलात? वाटलंच. तो कागद कसा धरलाय तुम्ही, कुणाचा तरी एक्स-रे हातात दिल्यासारखा! आणा इकडे. घाबरू नका, पहिल्या वर्षी मीसुद्धा नुसती मान डोलावून घरी गेले होते. हे बघा, हा पहिला रकाना — मूल आज कुठे आहे, ती ग्रेड. हा दुसरा — वर्षाच्या शेवटी कुठे पोचायचं, ते टार्गेट. आणि शेवटी हा रंग. टार्गेट गाठतंय तर हिरवा, जरा मागे पडलं तर पिवळा, फारच मागे तर लाल. आता आपण आईबाप काय बघतो? रंग! मीही तेच केलं. आमच्या धाकटीच्या कागदावर वरपासून खालपर्यंत हिरवं — अहो, मी आइस्क्रीम आणलं! शेजारणीला मुद्दाम बोलावून कागद दाखवला! आणि परवा — मी गाडी शिकवते, छपरावर पाटी लावलेली असते ना, तसली — परवा माझ्याकडे शिकणाऱ्या एक बाई, दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत शिक्षिका आहेत, चढावर गाडी बंद पडली की रडकुंडीला येतात बिचाऱ्या, त्या म्हणाल्या, हिरव्यावर जाऊ नका, टार्गेट काय लिहिलंय ते बघा. घरी येऊन बघते तर काय — सी! गणितात आजची ग्रेड सी, टार्गेट सी, म्हणून हिरवा! म्हणजे उभी आहेस तिथेच उभी राहा, शाबास!

आणि खरी गोम तर पुढेच आहे, नीट ऐका, तुम्हालाही लागेल. गणिताचे पेपर दोन असतात. एक पूर्ण, एक साधा. ज्याचं टार्गेट सी, त्याचं नाव साध्या पेपराला जातं. आणि साध्या पेपरात सगळीच्या सगळी गणितं बरोबर आली ना, तरी सीच्या वर ग्रेड देतच नाहीत. देतच नाहीत हो! आमच्या हिला घरांचे नकाशे काढायचेत. लहानपणापासून. बुटांच्या खोक्याला खिडक्या पाडत बसायची, आमच्या घरात एक खोकं धड राहिलं नाही. त्या कोर्सला गणितात बी लागतो. नावं उद्या पाठवणार म्हणे. म्हणजे आज मी आत जाऊन काही बोलले नाही, तर त्या पोरीचा रस्ता उद्या बंद. कुणी केला? एका सीनं! मी सरांना सरळ विचारणार आहे, हा सी लिहिला कुणी? माझ्या मुलीची पायरी ठरवणारे तुम्ही कोण? त्यांना वाटत असेल, ही बाई दिवसभर क्लच दाब, ब्रेक दाब करत फिरते, हिला काय कळतंय. कळत नव्हतं, मान्य. आता कळलंय ना!

आणि पोरगी काय ढ नाही हो. घरी माझ्यासमोर पूर्ण पेपरातली गणितं सोडवते ती. आमच्याकडे अभ्यासाला शिस्त आहे. नियम एकच — टार्गेटच्या खाली यायचं नाही. खाली आलं की मोबाइल माझ्या कपाटात, मैत्रिणी बंद, सगळं बंद. थोरल्याच्या वेळेपासून चालत आलंय. त्यानं स्वतःच्या हौसेनं ए धरला होता, पण ग्रेड आली बी. एका ग्रेडनं गेलं! मी आठवडाभर बोलले नाही त्याच्याशी. ताट वाढायची, पण बोलायची नाही. धाकटीच मध्ये निरोप्यासारखी फिरायची — आई म्हणते जेवून घे, दादा म्हणतो भूक नाही. असं काय बघताय? कडक वाटते मी? वाटू दे. गाडीत मी अशी नाही हं. गाडीत कुणी कितीही वेळा इंजिन बंद पाडू दे, माझा आवाज चढत नाही. त्या शिक्षिका एकदा म्हणाल्यासुद्धा, घरी पण इतक्या शांत असता का हो? मी म्हटलं, घरची गोष्ट वेगळी. शिकणारा चुकला तर मला काय, माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. स्वतःच्या पोराच्या बाबतीत कुठाय दुसरा ब्रेक?

काय म्हणालात?

नाही, टार्गेट शाळा ठरवते. शाळाच ठरवते. तुमच्या मुलाला विचारलं? कुणी, वर्गशिक्षकांनी? प्रत्येकाला जवळ बसवून विचारतात, तुला किती गाठायचंय — आणि मूल सांगेल ते लिहितात? काहीतरीच काय! चौदा वर्षांच्या पोराला काय — थांबा. थांबा जरा. थोरल्यानं हौसेनं धरला होता — हो, ते मीच म्हणाले आत्ता. म्हणजे तेव्हाही विचारतच होते.

म्हणजे हा सी तिनं सांगितला.

पण का? येतात ना तिला गणितं. माझ्यासमोर सोडवते. मग बी म्हणायला काय — आणि नसता आला बी, तर काय मी —

आइस्क्रीम खाताना विचारत होती मला. दोन-दोनदा. "आई, सगळं हिरवंच आहे ना?" मी म्हटलं, हो गं राणी, सगळं हिरवं. तर म्हणाली, मग झालं. मला वाटलं, खूश आहे. इतकी खूश की चमचा बाजूला ठेवून तिनं मोठ्ठा श्वास सोडला —

नको, पाणी नको. मी ठीक आहे. आणि हे बघा, हात-बित ठेवू नका माझ्या खांद्यावर, मी काही रडणाऱ्यातली नाही. माफी-बिफीही मागणार नाही कुणाची. मी शिस्त लावली, कुणाचा गळा नाही धरला. आणि पूर्ण पेपराला नाव मी घालायला लावणारच आहे. लावणारच. फक्त —

आली बघा. भिंतीला धरून कशी चाललीये. बाटली रिकामीच आहे.

दार उघडलं वाटतं. हो, माझाच नंबर. नाही, तुम्ही जा. जा म्हणते ना! मघाशी काय म्हणाले ते सोडून द्या, माझी पर्स राहू दे इथेच. आत सांगा सरांना, त्या मागून येतायत, लेकीशी बोलून. आणि दार ओढून घ्या जाताना.

ये गं. बस इथे. नाही, रागावले नाहीये. बस तर खरी.