चार पावलं अनवाणी

(विमानतळावरच्या तपासणीच्या रांगेशेजारची लहान खोली. एक टेबल, दोन खुर्च्या. काचेपलीकडे अनवाणी माणसांची रांग.)

आजी : ये, अशी जवळ सरक. चपला काढणार नाही म्हणाले मी. का ते सांगणार नाही, असं नाही म्हणाले. लहानशीच गोष्ट आहे, ऐक.

तपासनीस : आजी, गोष्टीला वेळ कुठंय? तुमच्या विमानाचं दार वीस मिनिटांत बंद होईल. चपला ट्रेमध्ये ठेवा, चौकटीतून चार पावलं चाला, पलीकडे पुन्हा घाला. संपलं.

आजी : अक्कालाही तू हेच म्हणालीस. चारच पावलं.

तपासनीस : कोण अक्का?

आजी : माझी थोरली बहीण. गेल्या महिन्यातली नऊ तारीख. उजवा पाय जन्मापासून आखूड, त्या पायात तीन बोटं जाड तळव्याचा बूट. आठवते?

तपासनीस : दिवसाला तीन हजार पाय बघते मी.

आजी : पायच बघतेस ना. तोंडाकडे बघितलं असतंस तर आठवली असती.

तपासनीस : टोमणे नंतर मारा. सतरा मिनिटं राहिली.

आजी : ती म्हणाली, "बूट काढला तर मी उभी कशी राहू?" तू 'चपला-बूट काढा'च्या पाटीकडे बोट दाखवलंस. मागे एक टायवाला होता. पट्टा ट्रेमध्ये गेलेला, एका हाताने विजार धरलेली, आणि म्हणतो कसा, "आजीबाई, नियम सगळ्यांना सारखा!" स्वतःची विजार सांभाळता येईना आणि निघाला आम्हाला शिस्त लावायला.

तपासनीस : ...निळी शाल होती का त्यांच्या अंगावर?

आजी : होती.

तपासनीस : तिसऱ्या पावलाला पडल्या. मी लगेच चाकाची खुर्ची मागवली होती.

आजी : मागवलीस. पडल्यावर.

तपासनीस : कशा आहेत आता?

आजी : खुब्याचं हाड मोडलं. आठ दिवस इथल्या दवाखान्यात होती, मग भाचा घेऊन गेला. आत जखम चिघळलीय. आज संध्याकाळी पुन्हा ऑपरेशन. काल फोन आला त्याचा, "मावशी, डॉक्टर म्हणतात भेटून घ्या."

तपासनीस : अहो, मग चपलांपायी इथे काय अडून बसलात? तिकडे त्यांचे डोळे लागले असतील वाटेकडे!

आजी : हट्ट नाही गं. देवळाच्या पायरीवर मला कुणाची पाटी लागत नाही, हात आपसूक चपलेकडे जातो. आत कुणीतरी आहे, म्हणून जातो. मघाशीही वाकले. म्हटलं, कशाला वाद. चपलेच्या पट्ट्याला बोट लावलं आणि हात मागे घेतला. कानात आवाज आला.

तपासनीस : कुणाचा? त्या टायवाल्याचा?

आजी : माझा. तो तर नंतर बोलला. आधी मीच म्हणाले, "अक्के, काढ गं, लोक खोळंबलेत." लहानपणी शाळेला उशीर झाला तरी ती लंगडत माझं दप्तर वाहायची. तिला मी हे म्हणाले. कोण लोक? एकाचंही नाव मला माहीत नाही. आणि तिने ऐकलं. तुझं नव्हतं ऐकलं तिने, माझं ऐकलं.

तपासनीस : आजी...

आजी : किती राहिली मिनिटं?

तपासनीस : अकरा. आजी, चपला राहू द्या पायात. तो नियम नाहीच आहे.

आजी : नाही म्हणजे?

तपासनीस : रद्द झालाय. गेल्या महिन्याच्या एक तारखेला.

आजी : एक तारखेला?

तपासनीस : हो.

आजी : अक्का नऊला पडली.

तपासनीस : हो.

आजी : मग ती पाटी?

तपासनीस : काढली होती. दोन दिवस. तरी लोक बूट काढतच होते. मी म्हणायची, राहू द्या, गरज नाही. तर माझ्याच अंगावर यायचे. "बाई, कामचुकारपणा करता. उद्या काही झालं तर?" दोन दिवसांत तक्रारवहीत एकवीस तक्रारी. साहेब म्हणाले, लाव परत. लोकांना बरं वाटतं, आपलं काय जातं?

आजी : आणि तू लावलीस.

तपासनीस : मी लावली. याच हातांनी.

साहेब : (आत येत) काय चाललंय इथे? रांगेतले लोक विचारताहेत, या बाईंना चपलांसकट सोडणार का.

तपासनीस : सोडतेय, साहेब.

साहेब : सगळ्यांच्या डोळ्यांदेखत? मग उद्या प्रत्येक जण म्हणेल, आम्हीच का काढायच्या?

तपासनीस : म्हणू देत. त्यांना एक तारखेचा कागद दाखवते. नऊ तारखेला ज्या पडल्या, त्या यांच्या बहीण.

साहेब : त्या बाईंचा पाय घसरला. नोंद तशी आहे.

आजी : पाय घसरला नाही, साहेब. पायातला बूट काढायला लावला. तुमच्या पायात मात्र दिसतोय. चांगला आहे.

(साहेब घड्याळाकडे बघतात.)

तपासनीस : सात मिनिटं, साहेब.

साहेब : जा घेऊन. मी दारावर फोन करतो, थांबवतील दोन मिनिटं. आणि ऐक, तक्रारी आल्या तर...

तपासनीस : त्यांच्याखाली माझं नाव घाला. चला आजी. हात द्या. सरका हो, वाट द्या! काय म्हणता, सर? नाही, यांना वेगळा न्याय नाही. तो नियमच रद्द झालाय. तुम्हीही घाला बूट. नको? काढलेलेच बरे? बरं, धरा मग हातात.

आजी : बघ, सांगूनही घालेना.

तपासनीस : सरळ जा, डावीकडे पाचवं दार. आजी, त्यांना सांगाल का... नको. काय सांगणार तुम्ही तरी.

आजी : मी माझंच कसं सांगू, तेच कळत नाहीये, पोरी. पण तू एवढं कर. रांगेतलं कुणी म्हणालं, "मला जमणार नाही," तर पाटीकडे बोट दाखवायच्या आधी अक्काला आठव. निळी शाल, जाड तळव्याचा बूट. आणि तिच्या पाठीशी उभं राहून "काढ गं" म्हणणारी एक होती, तिलाही आठव.