नानांची वाचा आणि इरफानची तक्रार

मंडळी, आज एकच विचारतो. आपलं काम झालं आणि सोबत्याचं अडलं, तर पेढे वाटावेत का? लगेच माना हलवू नका, आधी ऐका.

मिरजेत मृणाल दाबके नावाची बाई. तिच्या वडिलांना, नानांना, अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. मृणालनं फोनसाठी एक ॲप बनवलं — चित्रावर बोट ठेवा, फोन बोलतो. पाणी. चहा. पाठ दुखते. नाना तर सारखं चहाचंच चित्र दाबायचे! हसा, तुमच्याही घरी असेल कुणी. बघता बघता ते ॲप अशा कितीतरी घरांत पोचलं.

पण त्या फोनात ॲप मिळण्याचं दुकान एकच — फोनच्या कंपनीचं. कंपनी म्हणाली, ॲपचे पैसे आमच्यामार्फतच घ्यायचे आणि तिसरा हिस्सा आमचा. मृणाल नाही म्हणाली. कंपनीनं ॲप दुकानातून काढून टाकलं.

गावातच इरफान सतारमेकर होता. सतार जुळवायला शिकवणारं त्याचं ॲपही असंच गेलेलं. दोघांनी मिळून स्पर्धा आयोगापुढे तक्रार केली — सगळा बाजार एकाच्या मुठीत, हा कुठला न्याय? तारखा पडत गेल्या. इरफान कागद घेऊन यायचा, नानांशेजारी बसून चहा घ्यायचा.

मग नानांचा फोन पडला, फुटला. नव्यात ॲप येईना. नाना रिकाम्या काचेवर बोट ठेवायचे, लेकीकडे बघायचे... आणि रडायचे.

नेमका तेव्हाच कंपनीचा वकील आला. फार मऊ बोलला. "तक्रार मागे घ्या. ॲप उद्या दुकानात. हिस्साही नको."

काय केलं असतंत तुम्ही?

तिनं सही केली. मग इरफानकडे गेली.

"इरफान, मी माघार घेतली."

तो सतारीला तार चढवत होता. हात थांबला. "नानांसाठी?"

"हो."

"बरं केलंत, ताई." मग खुंटी पिळत म्हणाला, "आधी विचारलं असतंत, तरी मी हेच सांगितलं असतं. पण विचारायला हवं होतं."

एकट्याची तक्रार टिकली नाही. इरफाननं ॲप बंद केलं, नोकरीसाठी हैदराबाद गाठलं.

नाना पुन्हा बोलू लागले. एका संध्याकाळी त्यांनी ॲपमधल्या इरफानच्या फोटोवर बोट ठेवलं. फोन म्हणाला, "इरफान." मग दुसरं चित्र — "कधी येणार?" मृणाल ताट हातात घेऊन तशीच उभी. नानांना वाटलं, हिला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

मंडळी, मी तिला दोष देत नाही. दार एकच ठेवून बापाची वाचा आणि सोबत्याचा हक्क समोरासमोर उभा करणारा जो, दोष त्याचा. पण असा मऊ बोलणारा आपल्याकडेही येतो हो — "तुमचं तेवढं करून देतो" म्हणत. तेव्हा सही करण्याआधी उठून सोबत्याच्या घरी जाता का? आठवून बघा. तोवर टाळ खाली असू द्या. देवाचं नाव मग घेऊ.